डोहाळा कुणाचा

॥ श्री ॥

आष्टी, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५७

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवत जावी. म्हणजे खरोखरच कळव. मागच्या कार्डात तू हवापाण्याखेरीज काही लिहिलं नव्हतंस, आणि हैद्राबादची हवा घेऊन आम्ही आष्टीत काय करणार? कापूस वेचणीला आला आहे. नानांचा दमा बरा आहे आणि बोलणं त्याहून बरं.

आता खरी बातमी. नीलाला चौथा लागला आणि डोहाळे जोरात सुरू झाले. आधी कवठ. पिकलेलं नाही, कच्चं, दात आंबवणारं. आपला कडूबा कुंभार गाढवं घेऊन नदीकडे जातो, त्यानं परवा टोपलीभर आणून टाकली. मग चिंचेचे आकडे. मग भाताची खरपूड. आता रॉकेलचा वास. मी कंदिलात तेल घालायला बसले की तुझी बायको शेजारी येऊन उगीचच पदर नीट करत उभी राहते. तोंडानं काही मागत नाही. लाजते. पण मी चेहऱ्यावरून ओळखते आणि हजर करते. तिच्या वाटीत राहिलेलं मी संपवते. माझ्यासारख्या विधवेनं जिभेचे लाड करू नयेत हे मला माहीत आहे, पण डोहाळेवालीचं उष्टं टाकायचं नसतं असं गोजरबाई म्हणते, आणि मी गोजरबाईचं तेवढंच ऐकते.

गोजरबाई आता धुणीभांडी करता करता नीलावर लक्षही ठेवते. तुझ्या आणि माझ्या जन्माला तीच होती, त्यामुळे हक्क सांगते. "खाऊ द्या वो तिला, आतलं मागून राह्यलं," एवढंच तिचं म्हणणं.

काल एक गंमत झाली. मी तापल्या चुलीला पोतेरं घालत होते आणि ओल्या मातीचा वास सुटला होता. मागे वळून पाहते तर नीलानं चुलीच्या वैलाचा भाजका टवका मोडून तोंडात टाकलेला! दातांखाली कचकच वाजत होतं. पकडली गेल्यावर रडकुंडीला आली. म्हणाली, "वन्सं, कुणाला सांगू नका. मला बी कसंतरी वाटून राह्यलं."

मी अर्थातच नानांना सांगितलं. एवढी मजेची गोष्ट पोटात ठेवून मी काय करू?

नाना तर हरखूनच गेले. शाळेतून मोकळे झाल्यापासून ते शब्दांची मुळं खणत बसतात हे तुला माहीत आहेच. लगेच पोथ्यांची पेटी उघडली. डोहाळा म्हणजे दोहद, आणि दोहद म्हणजे द्विहृद. दोन हृदयं. चौथ्या महिन्यात गर्भाला हृदय येतं, ते आईच्या हृदयाच्या वाटेनं आपली इच्छा सांगतं, म्हणून ती बाई द्विहृदया. तिची ती इच्छा मोडली तर मूल कुबडं, लुळं, आंधळं निपजतं असं ग्रंथात आहे म्हणे. झाडांनाही डोहाळे असतात. अशोकाला तरुण बाईची लाथ बसल्याशिवाय फूल येत नाही आणि बकुळीला तिच्या तोंडातल्या मद्याची चूळ लागते. मी म्हटलं, "नाना, आपल्या अंगणातला लिंब बिनडोहाळ्याचा आहे हे बरं." ते हसले नाहीत. असल्या बाबतीत ते हसत नाहीत.

पण मुकुंदा, ऐकताना मला फार बरं वाटलं. या घरात बाईला काय हवं याचा कुणी एवढा खल केलेला मी कधी पाहिला नव्हता.

जमलं तर येऊन जा. कवठं अजून आहेत.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

आष्टी, पौष शुद्ध नवमी

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं कार्ड पोचलं. संक्रांतीचा तिळगूळ परतूरहून गाडीनं निघालेल्या देशमुखांच्या मुलाकडे दिला आहे. वाटेत त्यानं खाल्ला नाही तर तुला मिळेल.

थंडी मनस्वी आहे. नानांना रात्री खोकला येतो. नीलाला सहावा लागला. पायांवर जरा सूज आहे, पहिलटकरणीला असते.

बाकीचे डोहाळे गेले, माती राहिली. तीही आता सांगून-सवरून. नानांचा हुकूम आहे की सुनेनं चोरून भिंत पोखरू नये, घरानं तिला मानानं द्यावं. कडूबा गढीच्या पांढरीची, जुन्या पडक्या भिंतींची, माती आणून देतो. "मास्तरांच्या सूनबाईंसाठी चाळून आणली, बिलकुल खडा न्हाई," असं अभिमानानं सांगतो. ती मी पुन्हा वस्त्रगाळ करते, मळून तिच्या बोटाएवढ्या वड्या थापते, तव्यावर मंद भाजते आणि वर पाण्याचा शिपका मारते, म्हणजे वास उघडतो. मग आईच्या चांदीच्या वाटीत घालून देते. तुला उष्टावणाला खीर भरवली होती ती वाटी. खरं सांगायचं तर या कामात माझा हात चांगला बसला आहे. नीला घरात नाही असं पाहून मी एक वडी चाखूनही पाहिली. काही नाही, नुसती माती. पण वास मात्र असा की जीव तिकडे ओढला जावा.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली सोपी. परतूरहून विहीणबाईंचा निरोप आला. उषाबाई म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर सातव्याची वाट न पाहता नीलाला आत्ताच धाडा. तिचे वडील स्टेशनात तारबाबू, सरकारी दवाखाना हाकेवर, आणि नीलाचीही ओढ तिकडे. यात न पटण्यासारखं काय आहे? पण नाना नाही म्हणतात. उषाबाईंना मातीचं कळलं आणि त्यांनी निरोप्याजवळ चारचौघांत म्हटलं, "आमच्याकडं आली की बघते कशी माती खाती. हात बांधून ठेवीन." हा डोहाळा मोडणं झालं, आणि तो मोडण्याचा दोष आपल्या वंशाला लागणार, तेव्हा डोहाळे संपेपर्यंत सून इथून हलणार नाही, असा नानांचा निकाल.

दुसरी गोष्ट कशी लिहावी कळत नाही. परवा दुपारी मी वाटी घेऊन गेले तर नीला भिंतीकडे तोंड करून बसली होती. वळून वाटीकडे पाहत राहिली, पण वाटी तिनं घेतली नाही. म्हणाली, "वन्सं, मला हे नको हाय."

मी म्हटलं, "मग खाऊ नकोस."

"तसं न्हाई. मला नको हाय आन् माझ्यानं ऱ्हावत बी न्हाई. तुम्ही देऊच नका. मी मागितलं तर बी देऊ नका. आईकडं धाडा मला. आई मारील आन् थांबवील."

मी वाटी तशीच परत आणली. संध्याकाळी तिनं देवघराच्या कोनाड्याचा पोपडा ओरबाडून खाल्ला. नखातून रक्त आलं.

हे नानांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "बघ, बराबर तेच! तिला नको आहे आणि तरी राहवत नाही, म्हणजे इच्छा तिची नव्हेच. ती दुसऱ्या हृदयाची आहे. शब्द खोटा नसतो, अरुंधती." मी विचारलं, "मग माहेरी जायचंय म्हणते, तो कुणाचा डोहाळा?" म्हणाले, "तो डोहाळा नव्हे. ते तिचं स्वतःचं."

नानांच्या शब्दापुढं मी कधी गेले आहे? तू मुलगा आहेस आणि नवराही आहेस. तू दोन ओळी लिहिल्यास तर ते ऐकतील. लिही की तिला परतूरला धाडा. जल्दी लिही.

तुझी
अक्का

॥ श्री ॥

आष्टी, माघ शुद्ध द्वादशी

चि. मुकुंदास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. नानांच्या नावे होतं, म्हणून त्यांनी फोडलं आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. नीला आत दाराशी होती. "नाना सांगतात ते शास्त्राला धरून आहे. अशा दिवसांत बाईचं मन ठिकाणावर नसतं. तिचं ऐकू नका, बाळाचं ऐका. माती तर माती." वर तुझी थट्टा, की मुलगा जमीनदार होणार म्हणून आत्तापासून जमीन खातोय. नाना हसले. मी नीलाकडे पाहिलं. ती हसली नाही, रडलीही नाही. उठून आली आणि वाटीतली वडी घेऊन खायला लागली. त्या दिवसापासून तिनं "नको" म्हणणं सोडलं आहे.

मुकुंदा, मी तुला हे मागितलं नव्हतं.

तिची नखं कागदासारखी पांढरी झाली आहेत. जिभेवर रंग नाही. न्हाणीतून माजघरात येईपर्यंत धाप लागते आणि खांबाला धरून उभी राहते. म्हणते, "छातीत लई धडधडतं." नानांना सांगितलं तर म्हणाले, "धडधडणारच, दोन हृदयं आहेत." गोजरबाईला विचारलं तर ती म्हणाली, "माती खानारीचं पोरगं मातीला धरून ऱ्हातं, तुमची जमीन राखील," आणि दृष्ट काढून गेली. घरात सगळेच तिच्यासाठी झटत आहेत. तिच्यावर कुणाचा राग नाही, कुणी तिला घालूनपाडून बोलत नाही. एवढ्या मायेनं वागवलेली सून मी पंचक्रोशीत पाहिली नाही, आणि ती आमच्या डोळ्यांपुढं वाळत चालली आहे.

काल नाना पाराकडे गेले तेव्हा मी त्यांचा कोश काढून पाहिला. मला त्यांनीच वाचायला शिकवलं, तेवढं तर मी करू शकते. तिथं त्याच शब्दाचं आणखी एक मूळ दिलं आहे. दौर्हृद. दुर् आणि हृद. बिघडलेलं, दुखणाईत हृदय. म्हणजे काही जाणत्यांच्या मते हा शब्द दुखण्याचा आहे, मळमळीचा आहे. नाना परत आल्यावर मी पान पुढं धरलं. ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. पण तो अर्थ मला पटत नाही. त्यात काही शोभा नाही."

शोभा नाही म्हणून पटत नाही.

होळीला रजा मिळते का पाहतो, असं तू लिहिलं आहेस. होळीची वाट पाहू नकोस. पत्र मिळेल त्या गाडीला बस आणि परतूरला उतरून सासरी न थांबता थेट इथं ये, तिला उचल आणि घेऊन जा. मला पुढं लिहवत नाही.

अक्का

॥ श्री ॥

परतूर, फाल्गुन वद्य तृतीया

चि. मुकुंदास आशीर्वाद.

वि. वि. पत्राच्या वर परतूर पाहून तुला नवल वाटेल. मी उषाबाईंकडे आहे. इथं आता ऊन लागायला लागलं आहे. कापसाच्या गाड्या दिवसभर बाजाराकडे जातात आणि धूळ घरात येते. स्टेशन जवळ असल्यानं गाडीची शिट्टी ऐकून वेळ कळते. नीलाचे वडील तुझी चौकशी करतात, म्हणजे करत होते; आता करत नाहीत. उषाबाई बोलायला फटकळ पण मनानं चांगल्या आहेत. मला स्वयंपाकाला हात लावू देत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला जेवायला काय आवडतं?" मला उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं मी सोवळ्याचा विचार करते आहे. मग मी हमसून हमसून रडले. लग्न होऊन गेले तेव्हाही मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि लाल लुगडं नेसून परत आले त्यानंतर तर कोण विचारणार? शेवटी म्हणाले, कवठ.

हे सगळं लिहून मी वेळ काढते आहे, तुला कळलंच असेल.

होळीच्या आधी नीला मला म्हणाली, "वन्सं, आत काही हलत न्हाई." मी तिच्या पोटावर हात ठेवला. तिनं श्वास रोखून डाव्या कुशीवर पडून पाहिलं, गार पाणी पिऊन पाहिलं. नानांना सांगितलं. ते पोथी मिटून म्हणाले, "इच्छा पुरी झाली म्हणजे तृप्ती येते. झोपलं असेल." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. आवाजात मात्र जोर नव्हता. मला वाटतं त्यांना कळलं होतं. कळूनही शब्द सोडवत नव्हता.

तेव्हा मी कडूबाकडे गेले. डोक्यावरून पदर घेऊन मी एकटी रस्त्यानं चालले, लोक पाहत होते. म्हटलं, "शेजारची बैलगाडी मागून आण, सूनबाईंना परतूरला न्यायचंय." तो म्हणाला, "मास्तरांचा हुकूम हाय का?" मी म्हटलं, "माझा आहे." तो तसाच गाडी आणायला गेला. नाना दारात उभे राहिले. म्हणाले, "गाडीच्या हिसक्यानं काही झालं तर दोष तुझ्या माथी." मी म्हटलं, "बरं." आयुष्यात त्यांना इतकं छोटं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. नीलाच्या खाली गोधड्या घातल्या होत्या. वाटभर ती गाडीच्या पुढच्या धुरीकडे तोंड करून होती, म्हणजे परतूर आलं की आधी दिसेल.

तू विचारशील मुलगा की मुलगी. मुलगी होती. दिवस पुरे नव्हते, पण सगळी घडलेली, बोटं लांब, तुझ्यासारखी. कुबडी नाही, लुळी नाही, आंधळी नाही. रडली नाही एवढंच. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की मूल गाडीच्या आधीच गेलेलं होतं, आईच्या अंगात रक्तच नव्हतं, त्याचं पाणी झालं होतं, मुलाला काय पोचणार? मातीचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि तुम्ही ती खाऊ दिलीत?" मी म्हटलं, "दिली नाही. मी करून वाढली."

मुकुंदा, एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. तिनं नको म्हटल्यावर मला थांबता आलं असतं. कडूबाला नको सांगता आलं असतं, वड्या जाळून टाकता आल्या असत्या, नाना काही तवा घेऊन बसत नव्हते. मी थांबले नाही. नानांची भीती होती हे खरं, पण तेवढीच नव्हती. त्या घरात पहिल्यांदा एका बाईला हवं ते हजर होत होतं, चांदीच्या वाटीतून, आणि ते हजर करणारे हात माझे होते. मला त्याची गोडी लागली होती. तिच्या तोंडानं मीच खात होते. तिला काय हवं हे मी चेहऱ्यावरून ओळखते असं तुला ऐटीत लिहिलं होतं. तोंडानं स्पष्ट सांगितलेलं मात्र मला ऐकू आलं नाही.

मुलीला नीलाच्या वडिलांनी नेलं. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात. संध्याकाळी नीलानं विचारलं, "वन्सं, तिथं माती कसली व्हती?"

मी म्हटलं, "काळी. मऊ होती, असं म्हणाले."

"काळी मी कधी खाल्ली न्हाई," ती म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं.

आता जिवाचा धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. लोहाचं औषध सुरू आहे, जिभेवर किंचित रंग आला आहे. मातीची वासना मेली, आणि तिच्याबरोबर बाकी सगळ्याच मेल्या. उषाबाई विचारतात भात देऊ का, दूध देऊ का, बाहेर बसतेस का, आणि ती म्हणते काही नको. चिडून म्हणत नाही, ते तिला खरंच नको असतं. आई दाराआड जाऊन डोळे पुसते. मी रोज तिच्याजवळ बसते आणि रोज विचारते. वाटी, ताट काही हातात न घेता विचारते, नीला, तुला काय हवं?

काल तिनं उत्तर दिलं.

होळीला रजा मिळाली नाही, तू पाडव्याला निघतोस, अशी तुझी आष्टीच्या पत्त्यावरची तार इथं स्टेशनात आली आहे. तिच्या वडिलांनी ती वाचून दाखवली तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना येऊ नका म्हनावं. मला न्हाई पायजे."

मी म्हटलं, "आत्ता नको की कधीच नको?"

"ते मला ठाऊक न्हाई. आत्ता न्हाई पायजे."

मी तुझी बहीण आहे. तू आईवेगळा झालास तेव्हा तुला कडेवर घेऊन हिंडले आहे. मुलगी तुझीही होती, तुला तिला पाहताही आलं नाही, आणि आता बायकोपाशी येऊन रडताही येऊ नये, हे लिहिताना माझं काय होतं ते मलाच माहीत. तुला राग येईल. तू म्हणशील, तिचं मन ठिकाणावर नाही. हे तुझं एकदा लिहून झालं आहे.

तिच्या पोटात आता दुसरं कुणी नाही, मुकुंदा. ही इच्छा कुणाची हे बघायला पोथ्यांची पेटी उघडावी लागत नाही.

म्हणून तू येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर परत कर. हे पत्र वाचून झालं की नानांकडे धाड, त्यांना मी वेगळं लिहिणार नाही. मी इथंच राहणार आहे, ती म्हणेल तोवर. तिला तू हवा झालास तर त्याच दिवशी तार करीन, आणि तशी तार आली नाही तरी मी तिला तुझ्यासाठी गळ घालणार नाही.

तिला जे नको, ते या वेळी तिच्यापुढं ठेवायचं नाही असं ठरवून दाराशी बसलेली,

अक्का